विचारणाऱ्याच्या गच्चीवरून

प्रति,
महाराष्ट्रभरच्या हौशी खगोल मंडळांमध्ये सदस्यांच्या निरोपांना उत्तरं देणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांस,



पत्रास कारण की, पावसाळा सरला. दसरा उलटला की आपल्या मंडळांचा हंगाम सुरू होतो. अमावास्येजवळच्या शनिवारांवर कॅलेंडरमध्ये खुणा होतात, माळ्यावरच्या दुर्बिणी खाली येतात, आरशांवर बुरशी चढली आहे का ते बघितलं जातं. जागा कोण ठरवणार, बस कोण सांगणार, पहाटेच्या चहाचं कोण बघणार, यासाठी बैठका होतात. सदस्यांच्या निरोपांना उत्तरं कोण देणार, हा विषय मात्र बैठकीत सहसा निघत नाही. मंडळाचा फोन ज्याच्याकडे असतो, तो देतो. ऑफिसातून देतो, लोकलमध्ये उभ्यानं देतो, कुकरच्या शिट्ट्या मोजत देतो. तुम्ही ते काम करता आणि मीही त्यातलीच. म्हणून हे पत्र अध्यक्षांना किंवा कार्यकारिणीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. त्यांनी वाचलं तर चांगलंच.

हे काम नवं नाही. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. पुढे हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमाराला, १९८५-८६ मध्ये, मुंबईच्या खगोल मंडळासारख्या संस्था उभ्या राहिल्या. लोक तेव्हाही विचारत होते आणि कुणीतरी उत्तरं देत होतं. तेव्हा आंतर्देशीय पत्र यायचं, शेजाऱ्यांकडचा फोन वाजायचा. प्रश्न विचारायला माणसाला थोडा खटाटोप पडे. आता आभाळात काही चमकलं की मिनिटभरात त्याचा हललेला फोटो आपल्या हातात असतो. प्रश्न वाढले तशी आपली उत्तरं आखूड झाली. ‘शुक्र.’ ‘फेक आहे.’ ‘जागा संपल्या.’ ‘वर वाचा, दिलंय.’ नाहीतर नुसता अंगठा.

आपुलकीनं उत्तरं द्या, एवढंच सांगायला पत्र लागत नाही. ते सगळ्यांना पटतं आणि मग ‘नमस्कार ताई’ आणि जोडलेल्या हातांचं चित्र घालून तेच कोरडं उत्तर पुन्हा जातं. आपल्या विषयात आपुलकीची एक पक्की कसोटी आहे, ती मांडावी म्हणून हा प्रपंच. उत्तर देण्याआधी आपण मनानं विचारणाऱ्याच्या गच्चीवर जाऊन उभे राहिलो का? दुसऱ्या एखाद्या मंडळात ही बोलण्याची रीत ठरेल, आपल्याकडे तो कामाचा भाग आहे. आकाश प्रत्येक गावाचं थोडं वेगळं असतं, प्रत्येक तासाला वेगळं असतं. माणूस कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय आपल्याला खरं उत्तर देताच येत नाही.

आपल्याकडचा सर्वांत जुना प्रश्न घ्या. “पश्चिमेला खूप मोठा तारा दिसतोय, काय आहे ते?” बहुतेक वेळा तो शुक्र असतो आणि आपण तसं लिहून मोकळे होतो. पण कधी तो गुरू असतो. थंडीत पूर्वेला नुकताच वर आलेला व्याध क्षितिजाजवळच्या दाट हवेमुळे लाल, निळा, हिरवा लुकलुकतो आणि लोकांना तो ड्रोन वाटतो. चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडून जाणारा, न लुकलुकणारा ठिपका आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक असतो. एका ओळीत चालणारे दिवे असतील तर स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह. तेव्हा आधी चार गोष्टी विचाराव्या लागतात. कुठून बघताय? किती वाजता? सूर्य मावळतो त्या बाजूला की उलट? हलतंय का? हे चार प्रश्न विचारले की विचारणाऱ्याला पहिल्यांदा कळतं, की आपलं म्हणणं कुणीतरी मनावर घेतलं आहे. शिवाय तो पुन्हा आभाळाकडे बघतो, या वेळी नीट.

मग उत्तर असं जाऊ शकतं: “काका, तुम्ही नाशिकला आहात आणि साडेसातला पश्चिमेला बघताय, म्हणजे तो शुक्र. ग्रह असल्यामुळे ताऱ्यासारखा लुकलुकत नाही. तासा-दीड तासात मावळेल, तोवर घरच्यांना दाखवा. त्याच्या आजूबाजूचे तारे कागदावर टिंबं काढून टिपून ठेवा. पंधरा दिवसांनी परत बघितलंत तर शुक्र त्यांच्यातून सरकलेला दिसेल. सरकला की कळवा.” एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागतात. त्यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी काकांना ते आपल्यासाठी लिहिलेलं वाटतं, कारण ते खरोखर त्यांच्यासाठीच लिहिलेलं आहे. पुण्याच्या माणसाला पहाटे पाच वाजता ते चाललं नसतं. आणि शेवटच्या तीन शब्दांमुळे काका आता विचारणारे राहिले नाहीत, निरीक्षक झाले.

शून्य सावलीच्या दिवसाचंही असंच. मे महिन्यात ‘आज शून्य सावली दिवस’ असा एकच निरोप राज्यभर फिरतो आणि आपणही तो पुढे ढकलतो. मग चंद्रपूरचा सदस्य भर दुपारी काठी रोवून उभा राहतो आणि सावली काही जात नाही. आपलं अख्खं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सगळ्यांना वर्षातून दोनदा हा दिवस मिळतो, पण एकाच तारखेला मिळत नाही. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना सावंतवाडीला मेच्या ३ तारखेच्या सुमारास, कोल्हापूरला ६ च्या आसपास, पुण्याला १३-१४ ला, मुंबईला १५-१६ ला आणि नागपूरला पार २६ मेच्या आगेमागे. वेळही घड्याळातल्या बाराची नव्हे. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारानंतर, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. ज्यानं तारीख विचारली त्याला आधी गाव विचारा आणि त्याच्या गावाची तारीख-वेळ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये हाच योग परत येतो, पण तेव्हा ढग असतात, हेही सांगा. तुमचं अर्ध्या ओळीचं जादा काम आहे. पण शाळेतल्या ज्या बाईंनी पन्नास मुलांना पटांगणात उभं केलेलं असतं, त्यांची अब्रू त्यावर अवलंबून असते.

आता फॉरवर्डांकडे येऊ. २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा निरोप इतकी वर्षं झाली तरी दर पावसाळ्यात उगवतो. तो आला की आपल्यातल्या जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते. पण त्याचा उगम खोटेपणात नाही. २००३ साली २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळपास ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून बघितला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि चंद्र उरला. २०२५ च्या जुलैतही असंच झालं. २ ऑगस्टला जगभर सहा मिनिटं अंधार होणार, अशी बातमी फिरली. ग्रहण खरं आहे, सहा मिनिटंही खरी आहेत. मात्र ते आहे २ ऑगस्ट २०२७ ला, आणि तो अंधार स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान अशा एका अरुंद पट्ट्यापुरताच.

अशा निरोपाला ‘फेक’ एवढंच लिहिलं तर विचारणारा खजील होतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता शंभर जणांना पाठवून मोकळा होतो. त्यानं केलेली चांगली गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: पुढे पाठवण्याआधी त्यानं विचारलं. तेच आधी म्हणा. “विचारलंत ते बरं झालं” या वाक्यानं सुरुवात करा, मग त्यात खरं किती आणि गळालं काय ते सांगा. ज्या गटातून त्याला ती बातमी आली तिथे टाकण्याजोगं दोन ओळींचं उत्तर त्याला तयार करून द्या. आता त्या गटात तो जाणकार ठरतो. आपलं काम त्यानं केलं, श्रेयही त्याचंच राहू द्या.

काही निरोपांमध्ये कुतूहलापेक्षा भीती जास्त असते, आणि खरी परीक्षा तिथे आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. पावणेआठच्या सुमाराला महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आभाळात जळत जाणारे तुकडे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ते चीनच्या रॉकेटचे अवशेष होते, हे नंतर स्पष्ट झालं. त्या पहिल्या तासात मात्र फोनवर येत होते ते व्हिडिओ आणि एकच प्रश्न, वेगवेगळ्या शब्दांत: आमच्यावर पडेल का? अशा वेळी उल्का आणि अवकाशातला कचरा यांतला फरक समजावून सांगण्याची आपल्याला फार घाई होते. आधी भीतीचं उत्तर द्यावं. “तुम्हाला दिसलं ते खूप उंचावरून गेलं आणि ते पुढे निघून गेलेलं आहे. कुठे तुकडा सापडलाच तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. नेमकं काय होतं ते कळलं की सांगते.” आणि कळल्यावर खरंच सांगावं. दुसऱ्या दिवशी लिहिलेला हा पाठपुरावा माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

ग्रहणाच्या आदल्या दिवशीचे निरोप तुम्हाला पाठ असतील. ७ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हाही ते आले असणारच. “सुनेला सातवा महिना आहे. तिनं काय पाळायचं?” लिहिणारी सासू असते, कधी स्वतः ती मुलगीच असते. यावर अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण सुचतं. त्या भाषणात चूक काही नसतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून असतं. ही बाई वाद घालायला आलेली नाही. घरातल्या चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत आणि उद्या काही झालंच तर बोल तिच्यावर येणार आहे. तिला हवा आहे आधार, तोही दाखवता येईल असा, लेखी. “आजी, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, एवढंच होतं. तिला किंवा बाळाला त्यानं काहीही होत नाही. तिनं नेहमीसारखं जेवावं, पाणी प्यावं, डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला हरकत नाही. अकराच्या सुमारास चंद्र तांबूस होईल. ढग नसले तर तिला खुर्ची देऊन दोघी मिळून बघा.” सूर्यग्रहण असेल तर चष्म्याबद्दलचं वाक्य वेगळं आणि ठसठशीत लिहा. एक्स-रेची फिल्म चालत नाही, हे दर वेळी लिहा.

याहून अवघड निरोप म्हणजे मुलीच्या बापाचा. “तुम्ही ग्रहांचा अभ्यास करता म्हणून विचारतो. मुलीला मंगळ आहे. त्यात खरंच काही असतं का?” आपल्यातले काही जण उत्तरादाखल लगेच त्या प्रयोगाची माहिती पाठवतात. प्रयोग मोलाचा आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. बरोबर निघालेल्या उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या आसपास. हे त्या बापाला जरूर सांगा, पण दुसऱ्या निरोपात. पहिल्या निरोपात सरळ लिहा की, नाही, त्यात काही नसतं, मुलीत काही उणं नाही. मग मंगळ दिसण्याचे दिवस असतील तर दोघांना कार्यक्रमाला बोलवा आणि दुर्बिणीतून तो लालसर ठिपका दाखवा. ज्याची पत्रिकेत इतकी दहशत, तो तिथे इतका लहान दिसतो की लोक हसतात. आकडेवारी त्यानंतर अधिक चांगली पचते.

नारळीकरांचं नाव निघालंच आहे, तर उत्तरं देण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका मोठा धडा आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा त्यांच्या संशोधनाबद्दल आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या संशोधन संस्थेबद्दल भरभरून लिहिलं गेलं. त्यांच्या पोस्टकार्डांची आठवणही पुष्कळांनी काढली. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. या पद्धतीचा मी कार्यकर्ती म्हणून पुष्कळ विचार केला आहे. तिच्यात जिव्हाळा होता, तशीच शिस्तही होती. मुलाला आधी घरी जाऊन स्वतःचा प्रश्न शोधावा लागे. कार्डावर जागा मोजकी, म्हणून प्रश्न नेमका आणि उत्तरही नेमकं. ते आपल्या सवडीनं लिहीत. आणि उत्तर जाई ते त्या मुलाच्या नावानं, त्याच्या घरच्या पत्त्यावर. मोठा शास्त्रज्ञ पाचवीतल्या मुलाशी त्याच्या पातळीवर खाली उतरून बोलतो आहे, असा आव त्यात नव्हता. प्रश्न आला, उत्तर दिलं, इतकं ते साधं होतं.

आता आकाशाशी संबंध नसलेल्या निरोपांबद्दल. आपल्याला ते किरकोळ वाटतात आणि म्हणून सर्वांत रुक्ष उत्तरं तिथेच जातात. “मुलगी एकोणीस वर्षांची आहे, रात्रभराच्या कार्यक्रमाला एकटी आली तर चालेल का?” याला ‘हो, चालेल’ हे उत्तर पुरत नाही. त्या आईला काय बघायचं आहे ते आपण जाणतो. स्त्री कार्यकर्त्या किती असतील, शौचालय कुठे आहे, तिथे उजेड आहे का, पाठ टेकायला खोली आहे का, स्टेशनवरून सगळे एकत्र चालत येतात का, पहाटेची परतीची गाडी कितीची, रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलेल. हे सगळं तिनं न विचारता लिहा. तसंच, “गुडघे दुखतात, मला जमेल का?” याला पायऱ्या किती ते सांगा. मोठ्या दुर्बिणीत कधी शिडीवर चढून, तर कधी वाकून बघावं लागतं, हे सांगा. खुर्ची ठेवू असं कबूल करा आणि ठेवा. ढगांमुळे कार्यक्रम रद्द झाला आणि कुणी पैशांचं विचारलं, तर पहिल्या ओळीत पैशांचंच उत्तर द्या. निसर्गापुढे आपण कसे हतबल आहोत, ते नंतर.

दुर्बीण कोणती घेऊ, हा पालकांचा निरोप दहावीच्या निकालानंतर हमखास येतो. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेली एखादी खेळण्यातली दुर्बीण त्यांनी हेरून ठेवलेली असते. तिची थट्टा करू नका, गणित सांगा. भिंग ६० मिलिमीटरचं असेल तर १२० पटीच्या पुढे प्रतिमा नुसती मोठी आणि धूसर होते. त्यापेक्षा १०×५० ची बायनॉक्युलर घ्या. चंद्रावरची विवरं, कृत्तिकांचा पुंजका, अंधाऱ्या जागी देवयानी दीर्घिकेचा धुरकट डाग, हात स्थिर ठेवता आला तर गुरूचे चंद्रसुद्धा तिच्यातून दिसतात. आणि खरेदीआधी मुलाला एकदा आमच्या दुर्बिणींतून बघू दे. हौस टिकली तर ती बायनॉक्युलर पुढेही उपयोगी पडते, नाही टिकली तर घरच्यांना सहलीला होते. ज्याचे पैसे आपण वाचवले तो माणूस मंडळ सोडत नाही.

एक निरोप मात्र फार जपून हाताळायचा. “ह्यांचं गेल्या महिन्यात निधन झालं. कृपया आता अंक पाठवू नये.” याला ठरावीक श्रद्धांजली पाठवून आपण मोकळे होतो आणि वार्षिक वर्गणीची आठवण पुढच्या जानेवारीत त्यांच्याच नावानं जाते. तेव्हा उत्तर लिहिण्याआधी यादीतून नाव काढा, पत्त्याच्या चिठ्ठ्यांतून काढा, खजिनदारांना कळवा. मग जुन्या कार्यकर्त्यांना विचारा, त्यांच्याबद्दल काय आठवतं. कुणालातरी काहीतरी आठवतंच. ते सगळ्यांआधी यायचे, किंवा शनीची कडी बघितल्यावर परत रांगेत उभे राहायचे. ते एक वाक्य लिहा. अंक घरी यायला हवा असेल तर पाठवत राहू, असंही लिहा. काही घरांना तो हवा असतो.

आपल्याला ज्याचं उत्तर येत नाही, अशा निरोपांचीही लाज बाळगायचं कारण नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लोणार अशनीच्या आघातानं झालेलं, म्हणून लोकांनी खगोलवाल्यांना विचारलं. पाण्याचा रंग हा काही आपला प्रांत नव्हे. “विवर कसं झालं ते मी सांगू शकते. रंगाचं जीवशास्त्रवाल्यांना विचारावं लागेल, नमुने तपासायला गेले आहेत, निष्कर्ष आला की कळवते,” हे त्या वेळचं योग्य उत्तर होतं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण पुढे आलं. मधल्या काळात ज्यांनी अंदाज ठोकून दिले त्यांच्यापेक्षा, थांबा म्हणणाऱ्यावर लोकांनी नंतर जास्त विश्वास ठेवला. करिअरच्या प्रश्नांचंही तेच. मुलीला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे खगोल ऑलिंपियाडची माहिती मिळते, एवढं आपण खात्रीनं सांगू शकतो. कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळेल, हे आपण सांगू नये.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, की आम्हाला नोकरी आहे, घर आहे, म्हातारे आईवडील आहेत. अगदी बरोबर. थकलेल्या माणसाकडून आपुलकीची उत्तरं येत नाहीत, म्हणून थोडी शिस्त स्वतःसाठीही हवी. फोन एकाकडे कायमचा नको, महिन्याची पाळी लावावी. रात्री नऊनंतर उत्तर देणार नाही, हे फोनच्या परिचयातच लिहून ठेवावं. आकाशातून काही पडत असेल तो अपवाद. नेहमीच्या प्रश्नांची टिपणं तयार ठेवावीत, पण ती जशीच्या तशी चिकटवू नयेत. वर नाव आणि गाव घालावं, खाली त्या माणसानं आज काय बघावं ते लिहावं, मधला मजकूर तयार असला तरी चालतो. ज्येष्ठांना बारीक अक्षरांपेक्षा आवाजातला निरोप बरा पडतो. पाठोपाठ दहा जणांनी तोच प्रश्न विचारला तरी दहाव्यानं तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. गटात कुणी त्याला ‘वर वाचा’ म्हटलं, तर त्या म्हणणाऱ्यालाच उत्तर द्यायला सांगा. जुन्या सदस्यांना कामाला लावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. आणि उद्धट निरोपाला लगेच उत्तर देऊ नका. सकाळी लिहिलेलं उत्तर निम्म्या लांबीचं होतं आणि दुपटीनं उपयोगी पडतं.

कार्यकारिणीनं हे पत्र वाचलंच, तर त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. वार्षिक अहवालात किती कार्यक्रम झाले, किती लोक आले हे आपण छापतो. सदस्यांनी काय काय विचारलं, याचंही एक पान असू द्या. पुढच्या वर्षीची व्याख्यानं त्या पानावरून ठरवली तर सभागृह आपोआप भरेल. दुसरं म्हणजे, प्रश्नांची वही ठेवा. नावं-नंबर त्यात नकोत, फक्त प्रश्न, गाव, तारीख आणि दिलेलं उत्तर. फोन दुसऱ्याकडे गेला की वहीही जाईल आणि नव्या कार्यकर्त्याला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागणार नाही.

वहीची गरज लवकरच पडणार आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावास्या. इजिप्तमधल्या लक्झरच्या आसपास त्या दिवशीच्या सूर्यग्रहणाची खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास असेल, दुपारनंतर, सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असताना. सहल कोणती घ्यावी इथपासून दीप अमावास्येचे दिवे लावावेत की नाही इथपर्यंत सगळं आपल्यालाच विचारलं जाईल. तेव्हा आतापासून प्रत्येक मंडळानं आपापल्या तालुक्याची सुरुवात, मध्य आणि शेवटाची वेळ काढून ठेवावी. चष्मे कुठे मिळतील ते शोधून ठेवावं, गरोदर बायकांसाठीचं आणि शाळांसाठीचं उत्तर वेगवेगळं लिहून ठेवावं. ऑगस्ट आहे, ढग असणार. ढगांमुळे काहीच दिसलं नाही तर मुलांना काय सांगायचं, तेही लिहा. उत्तरं तयार झाली की मंडळामंडळांत अदलाबदल करू. माझ्या मंडळाची मी पाठवते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
तुमच्यासारखीच एक कार्यकर्ती